दख्खनी मेंढीचें जुळें

दिवाळी सरली म्हणजे घाटावरचे धनगर कळप घेऊन कोकणांत उतरतात आणि कापणी झालेल्या भातखाचरांत मेंढ्या बसवितात. लेंडीखताच्या मोबदल्यांत त्यांस धान्य किंवा पैसा मिळतो. त्या कळपांत बहुधा एका मेंढीमागें एकच कोकरूं दिसतें. दख्खनी मेंढीला जुळें विरळाच. बंगालच्या सुंदरबनांतील गरोळ मेंढी मात्र अंगानें चिमुकली असूनहि एका वेतांत दोन-दोन, तीन-तीन कोकरें देते. या भेदाचें मूळ चाऱ्यांत नाहीं, बीजकोशांतील एका ग्राहींत आहे.

संप्रेरक रक्ताबरोबर साऱ्या देहांत फिरतें. परंतु दवंडी गांवभर पिटली तरी चावडीवर जातो तो ज्याच्या नांवाची ती असेल तोच. पेशीवरील ग्राही हा तो नांवाचा धनी; आणि तो प्राण्याप्राण्यांत थोडथोडा निराळा असतो. १९३० सालीं गाभण घोडीच्या रक्तांत एक संप्रेरक सांपडलें. तें मेंढीला टोचलें असतां दोन निरनिराळ्या संप्रेरकांचें काम एकटें करतें व तिच्या बीजकोशांत अधिक बीजें पक्व होतात. घोडीच्या स्वतःच्या देहांत मात्र त्यास त्या दोहोंपैकीं एकच ग्राही ओळखतो!

पण टोचणीचें जुळें त्या वेतापुरतें. गरोळीचा गुण वंशांतून उतरतो. १७९२-९३ च्या सुमारास कलकत्त्याहून कांहीं बंगाली मेंढ्या जहाजानें ऑस्ट्रेलियांत गेल्या. पुढें तेथील ‘बुरूला’ नांवाच्या मेरिनो कळपांत जुळ्या-तिळ्यांची रेलचेल झाली. हा सारा प्रताप एकाच जनुकाचा असावा असें अनुमान १९८० सालीं निघालें, आणि २००१ सालीं तें जनुक हातीं लागलें. तें एका ग्राहीचें निघालें. त्या ग्राहीचें नांव हाडें घडविणाऱ्या प्रथिनांवरून पडलें आहे, काम मात्र बीजकोशांतहि चालतें. त्याच्या साखळींतील २४९ व्या जागीं एकच अमिनो आम्ल बदललेलें. तेवढ्यानें मेंढी एकाऐवजीं अनेक बीजें सोडते. गरोळींतहि हाच बदल आढळला. उंदरांतून हा ग्राही समूळ काढला तर मादी वांझ होते. काढणें आणि बदलणें एक नव्हे, हें खरें; तरी उंदरावरून मेंढीचें भाकीत करणाऱ्यानें बेतानें बोलावें.

बनबिहारी निंबकर यांनीं १९६८ सालीं फलटण येथें स्थापिलेल्या निंबकर कृषि संशोधन संस्थेनें हें जनुक सांपडण्यापूर्वींच गरोळ मेंढे आणून संकर आरंभिला होता. अडचण होती ती देहाची. मांसासाठीं मेंढी पाळणाऱ्याला गरोळीचा ठेंगणेपणा परवडत नाहीं. म्हणून संकराची प्रजा पुन्हां दख्खनी आणि इतर मांसल जातींशीं लावावयाची, आणि ज्या कोकरांच्या रक्तांत तो बदल दिसेल तींच पुढच्या पैदाशीस ठेवावयाचीं, असा क्रम चालला. रक्ताच्या या परीक्षेंत पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेचा हात होता. या खटाटोपांतून निपजलेल्या मेंढीला ‘नारी सुवर्णा’ म्हणतात. ‘नारी’ हीं संस्थेच्या इंग्रजी नांवाचीं आद्याक्षरें.

धनगराला काळजी असते ती दुधाची. दिवसभर चालणाऱ्या मेंढीच्या कांसेंत दोघांपुरतें दूध नसलें तर जुळें म्हणजे दोन अशक्त जीव. गाभण मेंढीला आणि तान्ह्या कोकरांना वरचा खुराक देण्याची ज्याची ऐपत आहे, त्याच्याच कळपांत असा मेंढा सोडणें हिताचें.