देवी आल्या, देवी काढल्या

माझ्या आज्जीची धाकटी बहीण चौथ्या वर्षी आंधळी झाली. आम्ही तिला मावशीआज्जी म्हणायचो. ती आमच्याच घरी असायची, शेंगा फोडायची, वाती वळायची आणि पावलांच्या आवाजावरून कोण आलं ते सांगायची. तिच्या डोळ्यांना काय झालं, असं लहानपणी विचारलं की घरात एकच उत्तर मिळे, "देवीनं नेले." डोळे 'गेले' असं कुणी म्हणत नसे. गेले म्हटलं की आपोआप गेले. नेले म्हटलं की नेणारी कुणीतरी असावी लागते.

हा शब्द मला खटकला तो फार उशिरा, नोकरीत. १९७२ च्या दुष्काळात आमच्या सोलापूर जिल्ह्यातली निम्मी माणसं खडी फोडायला जात होती, तेव्हा मी आरोग्य खात्यात चिकटलो. गावोगाव सायकलवर हिंडून लस टोचायची. सरकारी कागदावर माझा हुद्दा काहीही असो, वाड्यावस्त्यांवर मी 'देवी काढणारा' होतो. रोगाचं नाव देवी आणि तो होऊ नये म्हणून जे टोचायचं त्याचंही नाव देवी. दंडावर उरतो तो देवीचा वण. एकाच बाईनं मारायचं, तिनंच तारायचं आणि सहीही तिनंच करायची, असा हा मराठी कारभार.

देव चांगला आहे, समर्थ आहे, मग लेकराचे डोळे का जातात? हा प्रश्न आपल्या पंडितांना पडला नव्हता असं नाही. ब्रह्मसूत्रांत ईश्वरावरचे दोन आरोप सरळ मांडले आहेत : वैषम्य, म्हणजे पक्षपात, आणि नैर्घृण्य, म्हणजे निर्दयपणा. उत्तर असं की ईश्वर जिवाच्या कर्माकडे पाहून फळ देतो, मनाला येईल तसं नाही. शंकराचार्यांनी भाष्यात पावसाचा दाखला दिला आहे. पाऊस सगळ्या शेतांवर सारखा पडतो, भात वेगळा आणि जव वेगळा उगवतो तो बियाण्यामुळे. मग पहिलं कर्म कुठून आलं? तर संसार अनादी आहे, पहिलं असं काही नाहीच. वाद म्हणून हे पक्कं आहे, कुठून शिरायला फट नाही. पण चार वर्षांच्या पोरीच्या उशाशी बसलेल्या आईला हे सांगायचं म्हणजे 'बियाणंच तुझ्या पोरीचं वाईट' असं सांगायचं.

आमच्या घरात एकादशी होती, कीर्तन होतं, पूर्वजन्माचं पाप या शब्दाचा वापरही भरपूर होता. शेजाऱ्याचा बैल मेला की तो लगेच बाहेर यायचा. मावशीआज्जीच्या डोळ्यांपाशी मात्र तो कुणी आणल्याचं मला आठवत नाही. तिथे आज्जीच्या पिढीकडे दुसरी व्यवस्था होती आणि मला वाटतं ती पंडितांच्या व्यवस्थेपेक्षा जुनी असावी.

ती व्यवस्था अशी. अंगावर फोड उठले की पोर आजारी पडलं म्हणायचं नाही, 'देवी आल्या' म्हणायचं. अनेकवचन, आदरार्थी. कुठे 'बाया आल्या' म्हणत. पाहुणी घरात आली आहे आणि ती पोराच्या अंगात उतरली आहे. म्हणून दाराला कडुलिंबाची डहाळी लावायची. ती पाहून परका माणूस उंबरा ओलांडत नसे. पोराला लिंबाच्या पाल्यावर निजवायचं, डहाळीनं वारा घालायचा. घरात फोडणी द्यायची नाही, तळण करायचं नाही. तेलाचा वास देवीला सोसत नाही. मोठ्यानं बोलायचं नाही, भांडायचं नाही. दहीभात थंड, तोच नैवेद्य आणि तेच पोराचं जेवण. रडणाऱ्या, पू गळणाऱ्या त्या पोराला घरातली मोठी माणसं हात जोडत. आज्जी सांगायची, तिचा स्वतःचा बाप, ज्यानं जन्मात पोरींना जवळ घेतलं नव्हतं, तो मावशीआज्जीच्या अंथरुणाशी बसून राहायचा आणि तिला 'अहो' म्हणायचा.

तरुणपणी मला हे सगळं अडाणीपण वाटे. आता पूर्ण तसं वाटत नाही. देवीच्या साथीत दहा रोग्यांतले साधारण तीन मरत आणि औषध कुणाकडेच नव्हतं, ना वैद्याकडे ना गोऱ्या डॉक्टरकडे. अशा वेळी निदान रोग्याला हिडीसफिडीस होऊ नये, त्याला एकटं टाकू नये, परक्यानं आत शिरू नये, एवढं तरी ही व्यवस्था करत होती. दुःखाचा जाब विचारायला देव दूर आभाळात नव्हता. तो दुखणं होऊन घरातच निजला होता, आणि घरात निजलेल्याला जाब कोण विचारतं, त्याची सेवा करतात.

या सेवेची दुसरी बाजू पाहायची तर पटकीची साथ पाहावी. ती मरीआईची. गावच्या शिवेवर शेंदूर फासलेला तांदळा, हीच मरीआई. पटकी आली की हलगी वाजे, पोतराज उघड्या अंगावर कोरडा ओढून घेई, रेडा कापला जाई, आणि मग मरीआईचा गाडा निघे. लाकडाचा लहानसा गाडा, त्यात देवी, हळदकुंकू, लिंबं, हिरवं लुगडं. वाजतगाजत तो शिवेपलीकडे नेऊन सोडायचा. पलीकडे म्हणजे दुसऱ्या गावात. ते गाव तो आणखी पुढे ढकलणार. आमचं मरण तुमच्या दारात, वर ओटी भरून. ओढायचं, नाचायचं, अंगावर फटके घ्यायचे हे काम बहुतेक ठिकाणी मांगवाड्या-महारवाड्यातल्या माणसांचं. मानाची सुपारी पाटलाची. दुःख कुठून येतं याचं उत्तर गावाला कधी सापडलं नाही, पण ते कुणाच्या पाठीवर लादायचं याबद्दल गावात कधी मतभेद नव्हता.

बायकांकडे याहून वेगळी गोष्ट होती, श्रावणातल्या शिळासप्तमीची कहाणी. राजा तळं बांधतो, पाणी लागत नाही. जलदेवता सुनेचा थोरला मुलगा मागतात. राजा सुनेला कपटानं माहेरी पाठवतो, नातवाला न्हाऊमाखू घालून कोरड्या तळ्यात ठेवतो आणि तळं भरतं. सून परत येताना भरलेलं तळं पाहते, तिला वशाची आठवण होते, ती काकडीच्या पानावर दहीभात ठेवून पूजा करते, आणि पोर पाण्यातून येऊन आईचे पाय ओढतं. मावशीआज्जीला ही कहाणी पाठ होती. ती सांगताना आज्जी मात्र उठून परसात जायची. तिची दोन पोरं देवीनं नेलेली, एकानंही येऊन पाय ओढले नव्हते. हे ती बोलली नाही कधी. मी सांगतो आहे.

आता लस. जेन्नरनं विलायतेत १७९६ साली गाईच्या देवीची लस टोचून पाहिली. ती हिंदुस्थानात आणायची म्हणजे वाटेत मरू द्यायची नाही, आणि बर्फ तर नव्हता. म्हणून एका माणसाच्या दंडावरून दुसऱ्याच्या दंडावर अशी ती चालत आली. बगदाद, बसरा, आणि तिथून जहाजानं मुंबई. १४ जून १८०२ या दिवशी मुंबईत ॲना डस्टहॉल नावाच्या तीन वर्षांच्या मुलीच्या दंडावर ती रुजली. तिच्या दंडावरून आणखी पाच पोरांच्या दंडावर गेली, पुढे पुण्याला, मद्रासेला. आपल्या देशातली लस एका लहान मुलीच्या अंगातून निघाली. तळ्यात ठेवलेल्या पोराची कहाणी ज्यानं ऐकली आहे, त्याला इथे जरा थांबावंसं वाटेल.

लोकांनी लस आनंदानं घेतली असं नाही. देवी ही पाहुणी असेल तर टोचणं म्हणजे तिच्या तोंडावर दार लावणं. शिवाय दंडावरून दंडावर म्हणजे कुणाचं रक्त कुणाच्या अंगात, कोणत्या जातीचं, हा घोर होताच. साहेबानं यावर एक गमतीची युक्ती पाहिली. १८१९ मध्ये मद्रासच्या एका वर्तमानपत्रात संस्कृत उतारा छापून आला. गाईच्या सडावरच्या फोडाची लस धन्वंतरीला ठाऊक होती, असा त्याचा मतलब. पुढे अभ्यासकांनी तो बनावट ठरवला. कायदा झाला तो १८७७ साली, मुंबई शहरासाठी. पुढची शंभर वर्षं आया पोरांना कणगीत लपवत राहिल्या. मी स्वतः १९७३ मध्ये एका कणगीतून दोन भावंडं काढली आहेत, ज्वारीनं केस भरलेली.

तेव्हा मी त्यांच्या आईशी भांडलो. देवी कोपेल म्हणाली ती. मी म्हणालो, बाई, मी देवीच काढायला आलोय. तिनं माझ्याकडे जरा वेळ पाहिलं आणि पोरीचा दंड पुढे केला. खात्यानं दिलेली घोषणावाक्यं मी तिथूनच सोडून दिली. शब्दानं जे दार दीडशे वर्षं बंद ठेवलं होतं तेच उघडायला तोच शब्द चालला. ज्या भाषेनं लशीलाही देवी म्हटलं ती माझ्या खात्यापेक्षा शहाणी होती, असं माझं मत आहे.

१९७४ ची साथ फार वाईट. देशात १,८८,००० च्या वर रोगी, ३१,००० हून जास्त मृत्यू, आणि सगळ्यांत मोठा घाला बिहारवर. आमच्याकडे रोगी नव्हता तरी शोध चालू होता, घर न् घर. हातात एक रंगीत कार्ड असे, त्यावर अंगभर देवी उठलेल्या लेकराचा फोटो. दारोदार ते दाखवून विचारायचं, असं पोर कुठे पाहिलं का? दाखवायला लोक भरपूर पोरं दाखवत, निघायच्या कांजिण्या. कांजिण्यांचे फोड पोटापाठीवर दाट असतात, देवीचे तोंडावर, तळहातांवर, तळपायांवर. पोराचे तळवे पाहायची ती सवय मला अजून आहे. १९७५ च्या मे महिन्यात देशातले शेवटचे रोगी सापडले, बिहारात आणि आसामात. जुलैपासून रोगी दाखवणाऱ्याला १,००० रुपये बक्षीस लागलं. तेव्हा माझा पगार त्याच्या जवळपासही नव्हता. आमच्या भागात ते कुणालाच मिळालं नाही.

आज्जी तेव्हा ऐंशीच्या आसपास होती, मावशीआज्जी वारून वर्ष झालेलं. एका संध्याकाळी मी झोळी खुंटीला अडकवताना कार्ड खाली पडलं. आज्जीनं उचललं, कंदिलापाशी नेलं, डोळ्यांजवळ धरून खूप वेळ पाहिलं. मला वाटलं घाबरली. तिनं पदर डोक्यावर घेतला आणि कार्डाला कपाळ टेकवून नमस्कार केला.

मग विचारलं, "कुणाचं रं लेकरू हे? वाचलं का?"

मला माहीत नव्हतं. कार्डावर तेवढं छापलेलं नव्हतं.