काळ्या धाग्याचे बाबूभाई

लहानपणी दातिवऱ्यात भाड्याच्या व्हीसीआरवर आम्ही 'हातिमताई' पाहिला. पडद्यावरची जादू बघून मी विचारलं, हे करतात कसं? शेजारचे काका जाळं विणत बसले होते. मान वर न करता म्हणाले, "तंगूस लावला असेल." सगळे हसले. पुढे वाचायला लागलो तेव्हा कळलं, काका फारसे चुकले नव्हते.

ती जादू बाबूभाई मिस्त्रींची. जन्म १९१८चा, सुरतेचा; कर्तृत्व मुंबईचं. १९३७ साली विजय भट्ट यांनी प्रकाश पिक्चर्ससाठी 'ख्वाब की दुनिया' काढला. एच. जी. वेल्सच्या अदृश्य माणसावर हॉलिवूडने १९३३ मध्ये केलेल्या चित्रपटावरून तो सुचला होता. तिकडे जॉन फुल्टनने नटाला काळ्या मखमलीत गुंडाळून, काळ्या मखमलीसमोर उभं करून गायब केलं होतं. इकडे एकोणिशीतल्या बाबूभाईंनी वस्तू काळ्या धाग्याला टांगल्या आणि मागे काळा पडदा लावला. ऐकायला सोपं वाटतं. पण उजेड वस्तूवर पडला पाहिजे, धाग्यावर नाही. आणि धागा ओढणाऱ्याचा हात जरा थरथरला की भूत मेलं! इंडस्ट्रीत त्यांचं नावच पडलं, 'काला धागा'.

'हातिमताई' होमी वाडियांचा, १९५६चा. हातिम हा अरबस्तानातल्या तय कबिल्याचा दानशूर सरदार. त्याचा मुलगा अदी पुढे सहाबी झाला. चित्रपटातला हातिम मात्र किश्श्यांमधला, पऱ्या आणि सात सवालांचा. रफींची मुनाजात आमच्या घरांत आजही लागते, तिचं संगीत एस. एन. त्रिपाठींचं. पाच वर्षांनी, १९६१ साली, याच बाबूभाईंनी 'संपूर्ण रामायण' दिग्दर्शित केला.

अभ्यासक यातल्या एकाला 'मुस्लीम फॅन्टसी' म्हणतात, दुसऱ्याला 'पौराणिक', आणि दोन वेगळ्या कपाटांत ठेवतात. मला ते पटत नाही. स्टुडिओत हात तेच होते. आमच्या घरात हातिम आपला आणि रामायण 'त्यांचं' असं मीही कधीकाळी मानत होतो, म्हणून हे लिहितोय.

'ख्वाब की दुनिया'नंतर बरोबर पन्नास वर्षांनी, १९८७ मध्ये, 'मिस्टर इंडिया' आला. कथा सलीम-जावेद यांची, कॅमेरा बाबा आझमींचा, ट्रिक सीन पीटर परेरांचे. तेव्हाही कॉम्प्युटर मदतीला नव्हता. हवेत तरंगणारी हनुमानाची मूर्ती गुंडांना बडवते, तो सीन आठवा.

बाबूभाई डिसेंबर २०१० मध्ये गेले. काका त्याच्या आधीच गेले. त्यांना सांगायचं राहूनच गेलं, की तंगूस नव्हता, साधा धागा होता. काळा.