साखरेचा आकडा कोणाचा?

हल्ली दंडावर नाण्याएवढी चकती चिकटवून फिरणारे मधुमेही दिसतात. दर काही मिनिटांनी साखर मोजायची आणि आकडा मोबाईलवर दाखवायचा, हे तिचं काम. "लोक असली यंत्रं स्वीकारतील का?" ही चर्चा ऐकली की मला रिचर्ड बर्नस्टीन आठवतो.

हा न्यूयॉर्कचा इंजिनियर. १९४६ साली, बाराव्या वर्षीच त्याला मधुमेह झाला. तेव्हा घरी तपासायची ती लघवी. रंग निळा राहिला तर ठीक, विटकरी झाला तर साखर भरपूर. पण ही काही तासांपूर्वीची शिळी बातमी! आणि रक्तातली साखर धोकादायक घसरली तर रंगावरून काहीच कळायचं नाही.

१९६९ साली त्याने एक जाहिरात पाहिली. रक्ताच्या थेंबावरून साखर सांगणारं यंत्र, वजन दीडेक किलो, किंमत ६५० डॉलर. रात्री प्रयोगशाळा बंद असताना बेशुद्ध आलेला माणूस दारू प्यायलाय की मधुमेही आहे, हे ओळखायला ते इस्पितळांसाठी काढलेलं. रुग्णाला विकायला मात्र कंपनी तयार नव्हती. मग काय, बायको डॉक्टर होती, तिच्या नावावर मागवलं!

दिवसातून पाच-पाच वेळा मोजून तो इन्सुलिन आणि जेवण बदलत गेला. तब्येत सुधारली. त्यावर लेख लिहिला, तो वैद्यकीय नियतकालिकांनी साभार परत केला. शेवटी पठ्ठ्याने ४५व्या वर्षी मेडिकल कॉलेजात प्रवेश घेतला आणि १९८३ साली डॉक्टर झाला. १९९३ साली अमेरिका-कॅनडातल्या १,४४१ रुग्णांच्या अभ्यासातून सिद्ध झालं की साखर काटेकोर सांभाळली तर डोळे, मूत्रपिंडं आणि नसांचं नुकसान बरंच टळतं. बर्नस्टीन २०२५ मध्ये गेला, नव्वदाव्या वर्षी.

गंमत म्हणजे या गोष्टीत यंत्राला नकार रुग्णाने दिलाच नव्हता. आकडा रुग्णाच्या हाती द्यायला बाकीचे कचरत होते.

आज अडचण उलटी आहे. बर्नस्टीनचं यंत्र आकडा फक्त त्याला सांगायचं. आताचा आकडा मोबाईलमार्गे कंपनीच्या सर्व्हरवरही जाऊ शकतो. तिथून पुढे कुठे? विमा कंपनीकडे?

त्यामुळे घरातल्या आजोबांनी चकती लावण्याआधी "हे आणखी कोणाला कळणार रे?" असं विचारलं, तर त्यांना जुन्या वळणाचे म्हणून गप्प बसवू नका. आधी उत्तर शोधा. मग चकती लावायची की नाही, ते त्यांचं त्यांना ठरवू दे.