पिकअप गाडी हायवेवर का थरथरते?

गोरेगावच्या रहदारीत नीट चालणारी पिकअप गाडी दहिसर ओलांडून ताशी ७०-८० किमी वेग घेताच थरथरू लागते. चाकाच्या असमतोलामुळे बसणारा धक्का वेग दुप्पट झाला की चौपट होतो, म्हणून गावात हा दोष लपून राहतो.

थरथर कुठे जाणवते ते आधी पाहावे. स्टिअरिंग हलत असेल तर पुढची चाके तपासावीत. सीट आणि तळ हादरत असेल तर मागची चाके किंवा इंजिनाची ताकद मागच्या एक्सलपर्यंत नेणारा प्रोपेलर शाफ्ट. फक्त ब्रेक दाबल्यावर हादरे आले, तर ब्रेकची डिस्क किंवा ड्रम.

मोकळ्या, सरळ रस्त्यावर क्षणभर क्लच दाबावा. थरथर तशीच राहिली तर दोष बहुधा चाकांत किंवा शाफ्टमध्ये असतो. थांबली तर इंजिन, क्लच आणि शाफ्टचे क्रॉस जॉइंट तपासून घ्यावेत.

तपासणी स्वस्तातून सुरू करावी. चाकांचे नट, टायरमधील हवा व झीज पाहावी, रिमच्या आत सुकलेला चिखल काढावा आणि मग व्हील बॅलन्सिंग करावे. अलाइनमेंटने गाडी एका बाजूला ओढणे थांबते. असमतोलाची थरथर जात नाही. त्यानंतरच शाफ्टचे क्रॉस आणि सेंटर बेअरिंग उघडावे.

टायरला फुगा दिसला किंवा नट सैल निघाले, तर मात्र दुरुस्तीपूर्वी गाडी पुढे नेऊ नये. भरलेल्या गाडीचा टायर फुटणे किंवा चाक निखळणे जिवावर बेतू शकते.