नसलेल्या ब्रशचा इतिहास

बिनतारी संदेश, निर्धूर चूल, बिनघोड्यांची गाडी. काही वस्तूंची नावे त्यांच्यात जे नाही त्यावरून पडतात आणि गेलेल्या वस्तूची आठवण नव्या वस्तूच्या नावात टिकून राहते. ‘ब्रशलेस मोटर’ हे त्याच कुळातले नाव. खऱ्या मोटारीच्या एकपंचमांश आकाराची रेडिओ-नियंत्रित गाडी बांधणाऱ्या छांदिष्टाला ही मोटर निवडताना आकड्यांचे एक कोष्टक वाचावे लागते. ते वाचण्यापूर्वी नाहीशा झालेल्या ब्रशची हकिगत जाणून घेतलेली बरी.

१८२१ मध्ये लंडनला मायकेल फॅरडेने पाऱ्याच्या पेल्यात लोंबणारी तार चुंबकाभोवती फिरवून दाखवली. तारेला वीज पोचत होती ती पाऱ्यामधून. पण प्रयोगशाळेबाहेर पाऱ्यावर यंत्रे कशी चालवणार? फिरत्या वेटोळ्याला वीज द्यायची आणि दर अर्ध्या फेऱ्याला तिची दिशा उलटवायची, असा तो दुहेरी पेच होता. १८३२ मध्ये पॅरिसच्या पिक्सीने आंपेरच्या सूचनेवरून आपल्या जनित्राला दिशा उलटवणारा कम्युटेटर जोडला. पुढे कम्युटेटरवर घासणारे संपर्क तांब्याच्या तारांच्या जुडग्याचे होऊ लागले. ते खरोखरच कुंचल्यासारखे दिसत, म्हणून ‘ब्रश’. १८८५ मध्ये जॉर्ज फोर्ब्सने जुडग्याच्या जागी कार्बन आणला. कुंचल्याचे रूप गेले, नाव मात्र राहिले. आपल्याकडचा मिक्सर दुरुस्त करणारा कारागीर ‘कार्बन संपले’ एवढेच म्हणतो. या बाबतीत त्याची भाषा इंग्रजीहून नेमकी आहे, असे मला वाटते.

याच काळात अमेरिकेत व्हर्माँटचा लोहार टॉमस डॅव्हनपोर्ट याने १८३७ मध्ये विद्युत मोटरचे पेटंट घेतले आणि १८४० मध्ये स्वतःच्या मोटरवर छापयंत्र चालवून विजेविषयीचे नियतकालिक काढले. वाङ्मयाच्या अभ्यासकाने हा माणूस विसरू नये. त्याची मोटर चालत होती. तिला परवडेल अशी वीज तेव्हा नव्हती. १८५१ मध्ये तो गेला तोवर त्याच्या शोधाला बाजार मिळाला नव्हता.

ब्रश काढून टाकण्याची कल्पनाही अशीच सोबत्यांसाठी थांबून राहिली. वेटोळे बाहेरच्या स्थिर कवचात बसवायचे आणि चुंबक आत फिरवायचा, म्हणजे फिरत्या भागाला वीज पोचवण्याचा प्रश्नच उरत नाही. पण मग दिशा कोण उलटवणार? विल्सन आणि ट्रिकी यांनी १९६२ च्या निबंधात हे काम अर्धवाहकांकडे सोपवले. त्यानंतर प्रबळ चुंबक हवा होता. १९८० च्या दशकाच्या आरंभी जपानमध्ये सागावा आणि अमेरिकेत क्रोट यांनी स्वतंत्रपणे निओडिमियमचा चुंबक सिद्ध केला. तिसरी सोबत लिथियम बॅटरीची. ती येईपर्यंत मोठ्या गाड्यांवर द्विघाती पेट्रोल इंजिनांचेच राज्य होते.

आता ते कोष्टक. त्यातला ‘केव्ही’ हा आकडा किलोव्होल्टचा नव्हे; भार नसताना एका व्होल्टला मिनिटाला किती फेरे, एवढेच तो सांगतो. लहान, एकदशांश गाडीची ३३०० केव्हीची मोटर ७.४ व्होल्टवर सुमारे २४,४०० फेरे घेते. मोठ्या गाडीची ७३० केव्हीची मोटर आठ घटांच्या २९.६ व्होल्टवर सुमारे २१,६०० घेते. वेग जवळजवळ तोच. मग फरक कुठे? ‘केव्ही कमी म्हणजे जोर जास्त’ असे छांदिष्टांत सर्रास म्हटले जाते आणि ते अर्धेच खरे आहे. त्याच कवचात बारीक तारेचे जास्त वेढे घातले तर केव्ही उतरतो आणि दर अँपिअरमागचा जोर वाढतो. पण तारेचा रोधही वाढतो. तेवढीच उष्णता सोसायची तर हाती येणारा जोर जवळपास तेवढाच राहतो. जोर ठरतो तो कवचाच्या आकाराने, आत मावणाऱ्या तांब्याने आणि चुंबकाने. म्हणून गाडीच्या वजनाला पेलेल असे कवच आधी निवडावे, मग बॅटरी, आणि केव्ही शेवटी. बाजार नेमका उलटा क्रम शिकवतो. उष्णतेचा हिशेब चुकला तर तारेच्या आधी चुंबकाला धोका असतो: साधारण प्रतीचा निओडिमियम ८० अंश सेल्सिअसच्या पुढे कायमचा दुबळा होऊ लागतो.

उरला सेन्सरचा प्रश्न. जुन्या मोटरीत वेटोळे कुठे आले आहे हे ब्रशला स्पर्शानेच कळत असे. सेन्सर नसलेल्या मोटरीत नियंत्रक ते चुंबकाच्या फिरण्यातून वेटोळ्यात उमटणाऱ्या उलट्या दाबावरून ओळखतो. आणि गाडी उभी असताना तो दाब शून्य असतो. जड गाडी सुटताना अडखळते, हिसके देते, ती यामुळे. खडकांवरून सावकाश चढवायची गाडी असेल तर सेन्सरची मोटर घ्यावी. मोकळ्या मैदानात पळवायची असेल तर पहिल्या हातभर अंतरातले अडखळणे चालवून घेता येते, आणि चिखलपाण्यात खराब होणारी एक नाजूक केबलही वाचते.