रोमन नावांचे आपले पूर्वज

मिसर देशातून आपल्या पूर्वजांची सुटका झाली, त्याचे एक कारण मिद्राशात असे दिले आहे की त्यांनी आपली नावे बदलली नाहीत. रऊबेन, यहूदा, बन्यामीन यांना त्यांनी रुफस, ज्युलियानस, अलेक्झांडर म्हटले नाही. पण ही नावे मिसरी नाहीतच. ती रोमन व ग्रीक आहेत. म्हणजे रब्बींचा रोख आपल्याच काळातील आईबापांवर होता. मुलगा झाला की त्याला परके नाव ठेवण्याची चाल तेव्हा पडली होती.

चाल वरून खाली आली. हेरोद राजाच्या नातवाला ऑगस्टस बादशहाचा सेनापती अग्रिप्पा याचे नाव दिले गेले. यरुशलायीमच्या कोहेन घराण्यात इ.स. 37 साली जन्मलेल्या योसेफ बेन मत्तित्याहू या इतिहासकाराला रोमचे नागरिकत्व मिळाले आणि बादशाही घराण्याचे फ्लेवियस हे नावही त्याला लागले. त्याच्या एका मुलाचे नाव जस्टस. दुसऱ्याला अग्रिप्पा असेही म्हणत. जस्टस म्हणजे नीतिमान, आपला सद्दीक. नाव रोमन, अर्थ घरचा!

रोम शहरात ज्यूंच्या भुयारी दफनभूमी सापडल्या आहेत. तेथील लेख बहुतेक ग्रीक भाषेत, माणसांची नावे पुष्कळशी लॅटिन. पण त्याच दगडांवर मेनोरा कोरलेली आहे.

रब्बींनी बोल लावला, तरी व्यवहारही पाहिला. मिद्राशातच लुलियानी, म्हणजे ज्युलियानस, नावाचे एक रब्बी भेटतात. रब्बान गमलिएल यांनी तर असा नियम केला की सोडचिठ्ठीत नवराबायकोला ज्या ज्या नावांनी ओळखतात, त्या सर्वांचा उल्लेख असावा.

मिश्नेत अग्रिप्पा राजाची गोष्ट आहे. सुक्कोथच्या सणात लोकांसमोर तोरा वाचताना, परक्याला राजा करू नये, हे वचन आले आणि त्याच्या डोळ्यांतून पाणी वाहू लागले. त्याचे घराणे अदोमी वंशाचे होते. तेव्हा लोकांनी त्याला धीर दिला आणि तू आमचा भाऊच आहेस, असे तीनदा सांगितले. त्याच्या रोमन नावाची कोणी आठवण काढली नाही.

आमच्या कोकणातही असेच झाले. शमुवेलचा सामाजी झाला, यहेज्केलचा हसाजी, दावीदचा दाऊदजी. 1796 साली मुंबईत आमचे पहिले सिनेगॉग बांधणारे सामाजी हसाजी दिवेकर म्हणजे शमुवेल यहेज्केल. नाव मराठी वळणाचे, पण शब्बाथ आणि सुंता सुटली नाही.

आज इस्राएलात जन्मलेल्या आमच्या नातवंडांची नावे हिब्रू आहेत, याचा आनंदच आहे. पण घरातला हसाजी कोण होता, हे त्यांना माहीत नाही. ते सांगू शकणारे आता आपणच उरलो आहोत. येत्या शब्बाथला मुले जेवायला आली की जुनी नावे एकदा सांगू या, आणि कागदावर लिहूनही ठेवू या.