मँगनीजच्या मुलखाचा सव्वाशे वर्षांचा हिशेब

वाचकहो, विजेवर चालणाऱ्या रिक्षा आणि दुचाक्या आता इंदूरच्या रस्त्यांवर नवलाईच्या राहिलेल्या नाहीत. पीथमपूरला गाड्यांच्या चाचणीसाठी ११.३ किलोमीटर लांबीचा वेगपट्टा २०२१ मध्ये सुरू झाला, तेव्हापासून तर आपण स्वतःला नव्या वाहनयुगाचे शेजारीच समजू लागलो आहोत. या गाड्यांचा जीव बॅटरीत असतो आणि बॅटरीचा जीव खनिजांत. लिथियम, निकेल, कोबाल्ट, तांबे, ग्राफाइट ही नावे वर्तमानपत्रांमुळे आपल्या तोंडी बसली आहेत. त्याच पंक्तीतले एक नाव मात्र आपण सहसा घेत नाही. ते म्हणजे मँगनीज. मोटारींच्या बॅटऱ्यांचा एक मोठा वर्ग निकेल, मँगनीज आणि कोबाल्ट यांच्या मिश्रणावर चालतो.

हे मँगनीज आपल्या घरचे आहे. नागपूर, भंडारा आणि बालाघाट या तीन जिल्ह्यांत ते सव्वाशे वर्षे खणले जात आहे. दूरच्या डोंगरात खनिज सापडल्यावर पुढे काय काय घडते, याची वही या मुलखात लिहून तयार आहे. ती आज उघडण्याचे कारण असे की, काश्मीरपासून कॅनडापर्यंत नव्या खाणींच्या ज्या अडचणी सांगितल्या जातात, त्यांतल्या बहुतेक या वहीत आधीच नोंदलेल्या आहेत.

मँगनीज आणि बॅटरी यांचे नातेही काही कालचे नाही. फ्रेंच अभियंता जॉर्ज लक्लांशे याने १८६६ मध्ये जस्त आणि मँगनीज डायऑक्साइड वापरून घट तयार केला. आपल्या घरातल्या टॉर्चचे आणि ट्रान्झिस्टरचे सेल याच वंशातले. दुसरे नाते तर इंदूरच्या अगदी जवळचे आहे. येथून सुमारे दीडशे किलोमीटरवर झाबुआ. त्या संस्थानातल्या काजलीडोंगरी येथे मिळालेल्या एका मँगनीजयुक्त खनिजाला भूगर्भशास्त्रज्ञ फर्मर यांनी १९०६ मध्ये हॉलंडाइट हे नाव दिले. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाचे तेव्हाचे प्रमुख हॉलंड यांचा तो गौरव होता. या खनिजाच्या अणुरचनेत बोगद्यांसारख्या पोकळ्या असतात. त्याच घडणीचे मँगनीज ऑक्साइड आज बॅटरीच्या संशोधनात तपासले जाते, कारण अशा पोकळ्यांतून विद्युतभारित कण ये-जा करू शकतात. होळकरांच्या पेटलावदपासून फार दूर नसलेल्या टेकडीवरचा हा दगड जगभरच्या प्रयोगशाळांत नावाने ओळखला जातो. आपल्याला मात्र झाबुआ आठवतो तो कडकनाथ कोंबड्यासाठी!

आता मुख्य मुलखाकडे वळू. १८९६ मध्ये मध्य प्रांतात खनिजांच्या शोधासाठी ‘सेंट्रल प्रॉव्हिन्सेस प्रॉस्पेक्टिंग सिंडिकेट’ ही ब्रिटिश मंडळी उभी राहिली आणि शतक संपता संपता नागपूरकडे खोदाई सुरू झाली. रामटेक म्हटले की आपल्याला कालिदास आणि मेघदूत आठवते. त्याच परिसरात मनसर आणि कांद्री या मँगनीजच्या खाणी आहेत. पुढे भंडाऱ्यात चिखला आणि डोंगरी बुजुर्ग, तर बालाघाटात तिरोडी, उकवा आणि भरवेली ही नावे जोडली गेली. भरवेलीची खाण आज आशियातल्या सर्वांत खोल भूमिगत मँगनीज खाणींत गणली जाते.

दगड होता, गिऱ्हाईकही होते. युरोपातल्या पोलाद भट्ट्यांना मँगनीजशिवाय चालत नव्हते. अडचण होती ती मधल्या अंतराची. नागपूर आणि तुमसर मुख्य लोहमार्गावर होते, पण बालाघाटचे डोंगर बाजूला पडलेले. बंगाल नागपूर रेल्वेने गोंदिया, बालाघाट, नैनपूर, जबलपूर अशी अडीच फुटी नॅरोगेज १९०३ ते १९०५ या काळात टाकली. हीच ती ‘छोटी लाईन’. ती केवळ मँगनीजसाठी टाकलेली नव्हती. जंगलाचे लाकूड, धान्य आणि प्रवासी हेही तिच्या हिशेबात होते. पण तिच्यामुळे डोंगरातल्या दगडाला बाजार मिळाला. तरी गोंदियाला छोट्या डब्यांतला माल उतरवून मोठ्या लाईनच्या डब्यांत भरावा लागे आणि मग समुद्रापर्यंत शेकडो मैलांचे भाडे द्यावे लागे. हे भाडे इतके जड होते की पूर्व किनाऱ्याचा जवळचा मार्ग आणि नवे बंदर यांची मागणी होत राहिली. १९३३ मध्ये विशाखापट्टणम बंदर सुरू झाले, त्यामागे मध्य प्रांताचे मँगनीज हे एक मोठे कारण होते. एका दगडासाठी रेल्वे आणि बंदर येईपर्यंत तीस-पस्तीस वर्षे गेली, हे लक्षात ठेवण्याजोगे आहे.

येथे इंदूरकरांना आपली रेल्वे आठवल्याशिवाय राहणार नाही. दुसऱ्या तुकोजीरावांनी खंडवा-इंदूर लोहमार्गासाठी इंग्रज सरकारला साडेचार टक्के व्याजाने १०१ वर्षांच्या मुदतीवर एक कोट रुपये कर्ज दिले. ती लाईन आली आणि माळव्याचा कापूस बाहेर गेला, हे खरे. पण बराचसा कापूस येथेच पिंजला, कातला, विणला गेला. मालवा मिल, हुकुमचंद मिल यांच्या भोंग्यांवर हे शहर उठू-बसू लागले. गाव वाढले ते कापूस पिकला एवढ्यानेच नव्हे, कापसाचे कापड येथे झाले म्हणून. बालाघाटच्या वाट्याला हे दुसरे पाऊल आले नाही. तेथला दगड दगडाच्याच रूपात परदेशी गेला, त्याचे मिश्रधातू आणि पोलाद तिकडे झाले. भावही तिकडेच ठरले. १९०५ च्या क्रांतीत रशियाच्या कॉकेशसमधल्या खाणी विस्कळीत झाल्या, तेव्हा आपल्याकडच्या मँगनीजला तेजी आली. तिकडे शांतता झाली की इकडे मंदी. भरवेलीच्या मजुराची चूल पेटणार की नाही, हे त्याने नावही न ऐकलेल्या मुलखात ठरत होते.

त्या मजुराकडेही पाहू. १८९६-९७ आणि १८९९-१९०० या दोन दुष्काळांनी मध्य प्रांत होरपळला होता, आणि खाणी उघडल्या त्या नेमक्या याच सुमारास. पोटासाठी कोणतेही काम धरायला माणसे तयार होती. ठेकेदार आणि मुकादम यांच्यामार्फत भरती होई. उघड्या खाणींत बायका मोठ्या संख्येने दगड फोडत, निवडत, डोक्यावरून वाहत. तेरा वर्षांखालच्या मुलांना खाणीत कामाला लावण्यावर बंदी आली ती १९२३ च्या कायद्याने. मुलखाचे मूळ रहिवासी गोंड. फर्मर यांनी या भागातल्या मँगनीजयुक्त गार्नेट आणि क्वार्ट्झ यांच्या खडकाला ‘गोंडाइट’ असे नाव दिले आणि ते जगाच्या भूशास्त्रात रूढ झाले. मँगनीजवरचा त्यांचा प्रचंड ग्रंथ १९०९ मध्ये निघाला. गोंडांचे नाव असे दगडाला मिळाले. दगडाच्या उत्पन्नात मात्र त्यांचा वाटा मजुरीपुरताच राहिला.

व्यवसायाने डॉक्टर असल्याने धुळीबद्दल दोन शब्द सांगणे माझे काम आहे. मँगनीजची पूड दळणाऱ्या कामगारांना एक विचित्र आजार होतो, हे ग्लासगोच्या कूपर यांनी १८३७ मध्येच नोंदवले होते. महिनोन्‌महिने धूळ श्वासावाटे गेली की काही जणांची झोप उडते, स्वभाव चिडका होतो, विनाकारण हसू वा रडू येते. पुढे चेहरा मुखवट्यासारखा थिजतो, चाल अडखळते, मागे पाऊल टाकता येत नाही. कंपवाताशी त्याचे साम्य आहे, पण तो कंपवात नव्हे. होमिओपॅथीच्या औषधीग्रंथांत हानेमान यांच्या काळापासून मँगॅनम हे औषध आहे. त्याच्या लक्षणांत हीच अडखळती चाल वर्णिलेली आहे. सांगायचे हे की, हे ज्ञान बालाघाटची पहिली कुदळ पडण्याच्या साठ वर्षे आधीपासून छापील होते. ज्ञान असणे वेगळे आणि ते डोंगरातल्या दवाखान्यापर्यंत पोहोचणे वेगळे. अडखळत चालणाऱ्या मजुराला दारुडा किंवा म्हातारा समजून सोडून देणे फार सोपे असते. या आजारावर खात्रीचा इलाज म्हणजे धूळच नाकात जाऊ न देणे: दगडावर पाणी मारणे, तोंडावर योग्य मुखपट्टी आणि वेळच्या वेळी तपासणी.

स्वातंत्र्यानंतर पानावर दोन नव्या नोंदी झाल्या. पहिली सरहद्दीची. १९५६ पर्यंत नागपूर ही जुन्या मध्य प्रदेशाची राजधानी होती. १ नोव्हेंबर १९५६ रोजी नागपूर-भंडारा मुंबई राज्यात गेले, बालाघाट-छिंदवाडा मध्य प्रदेशात राहिले. खडकाचा पट्टा एकच, राज्ये दोन झाली. चिखल्याचा मजूर महाराष्ट्राचा, तिरोडीचा मध्य प्रदेशाचा! दुसरी नोंद मालकीची. १९६२ मध्ये जुन्या ब्रिटिश कंपनीची मालमत्ता घेऊन ‘मँगनीज ओअर इंडिया’ स्थापन झाली. केंद्र आणि ही दोन राज्ये यांचा हिस्सा ५१ टक्के, कंपनीचा ४९. १९७७ मध्ये तो ४९ टक्केही सरकारने घेतला. हीच आजची नागपूरची ‘मॉयल’. डोंगरी बुजुर्गला तिने सेलसाठी लागणारे इलेक्ट्रोलिटिक मँगनीज डायऑक्साइड बनवण्याचा कारखाना काढला. म्हणजे दुसरे पाऊल पडले, पण लहान. आजच्या मोटार-बॅटरीला लागते ते अतिशुद्ध मँगनीज सल्फेट, आणि जगातले त्याचे ९० टक्क्यांहून अधिक उत्पादन चीनमध्ये होते. दगड तर अनेक देशांत आहे. तो शुद्ध करण्याची विद्या आणि चिकाटी थोड्यांकडे आहे. २०२३ मध्ये भारत सरकारने ३० अत्यावश्यक खनिजांची यादी काढली. तीत लिथियम आहे, तांबे आहे, मँगनीज नाही. आपल्याकडे जे भरपूर असते त्याची चिंता कमी वाटते, हे साहजिक आहे. पण भरपूर दगड म्हणजे भरपूर बॅटरी नव्हे.

ही वही हाती धरून आता उत्तरेकडे पाहा. फेब्रुवारी २०२३ मध्ये जम्मूच्या रियासी जिल्ह्यात सलाल-हैमना भागात लिथियमचा ५९ लाख टनांचा साठा असल्याची बातमी आली. देशात आनंदीआनंद झाला. तो साठा अनुमानित होता, म्हणजे प्राथमिक पाहणीवरून बांधलेला अंदाज. शिवाय ते लिथियम चिकणमातीसारख्या थरांत आहे. तेथून ते परवडेल अशा रीतीने काढणे सोपे नाही. भूभाग डोंगराळ, भूकंपप्रवण, खाली चिनाब. लिलाव पुकारला, पण पुरेसे बोलीदार आले नाहीत आणि मार्च २०२४ मध्ये तो रद्द करावा लागला. त्याच वर्षी छत्तीसगडच्या कोरबा जिल्ह्यातला कटघोरा येथील लिथियमचा पट्टा मात्र लिलावात गेला. कोरबा हा रेल्वे, वीज आणि कोळशाच्या खाणींचा जुना जिल्हा आहे. ही एक गोष्ट पुष्कळ काही सांगून जाते.

कॅनडाची कथाही निराळी नाही. ऑन्टारिओ प्रांताच्या दूर उत्तरेला ‘रिंग ऑफ फायर’ नावाचा पट्टा आहे. २००७ च्या सुमारास तेथे निकेल, तांबे, क्रोमाइट सापडले. भूमी दलदलीची, बारमाही रस्ता नाही. हिवाळ्यात बर्फ गोठला की त्यावरून तात्पुरती वाट होते, उन्हाळ्यात ती विरघळते. मूळ निवासींच्या वस्त्यांपैकी काही रस्त्याच्या बाजूने, काही विरोधात. एवढा श्रीमंत देश, तरी इतक्या वर्षांत तेथून धातू बाजारात आलेला नाही. छोटी लाईन लवकर आली, कारण त्या काळी गोंडांना कोणी विचारले नाही. आज विचारावे लागते, म्हणून वेळ लागतो. हा वेळ मी वाया गेला असे मानत नाही.

श्रावकाने टाळायचे पंधरा धंदे जैन ग्रंथांत सांगितले आहेत, त्यांत भूमी फोडण्याचा धंदा येतो. माझ्या दवाखान्यातले पोलादी कपाटही मँगनीजशिवाय झालेले नाही, त्यामुळे खाणी नकोत असे म्हणण्याचा अधिकार मला नाही. पण जे टाळता येत नाही त्याचा हिशेब तरी चोख असावा, एवढे त्या उपदेशातून निघते. २०१५ पासून खाणधारकाने रॉयल्टीच्या जोडीला जिल्हा खनिज प्रतिष्ठानात रक्कम भरायची आहे: जुन्या पट्ट्यांसाठी रॉयल्टीच्या ३० टक्के, लिलावातल्या पट्ट्यांसाठी १० टक्के. ती खाणीने बाधित लोकांसाठी आहे. हिशेबाचा अखेरचा रकाना खाण संपल्यानंतरचा असतो. इंदूरने तो पाहिला आहे: हुकुमचंद मिल डिसेंबर १९९१ मध्ये बंद झाली आणि कामगारांची देणी डिसेंबर २०२३ मध्ये मार्गी लागली. मध्ये ३२ वर्षे गेली. शहरातल्या, संघटित गिरणी कामगारांची ही कथा. डोंगरातल्या ठेक्यावरच्या मजुराचे काय होत असेल, याचा विचार करावा.

तेव्हा वाचकहो, पुढच्या वेळी ‘अमुक ठिकाणी इतके लाख टन सापडले’ अशी बातमी वाचाल, तेव्हा चार गोष्टी विचारा. रस्ता कोणाच्या पैशाने आणि कोणासाठी? शुद्धीकरण कोठे? धूळ कोण तपासणार? आणि खाण संपल्यावर गावाकडे काय उरणार?

एक विनंतीही आहे. आपल्यापैकी अनेक घरांची आजोळे नागपूर-भंडाऱ्याकडची आहेत. कोणाचे आजोबा बंगाल नागपूर रेल्वेत असतील, कोणाचे खाणीच्या कचेरीत कारकून वा कंपाउंडर. त्यांच्या पेट्यांत पगाराच्या चिठ्ठ्या, पत्रे, तिरोडी-तुमसरचे जुने फोटो पडून असतील. ते रद्दीत घालू नका. तारीख, गाव आणि नावे मागे लिहून ठेवा. या मुलखाचा इतिहास इंग्रज कंपनीच्या ताळेबंदात आणि सरकारी अहवालांत पुष्कळ आहे. मराठी घरांच्या पेट्यांतला अजून कोणी मांडलेला नाही.